मान अडकली गोळीने, बोटं वळवळतात पावडरीने

प्रश्न: धाकटा भाऊ २४ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. सुट्टीला घरी आला तेव्हापासून बोटं वळवळतात, खांदे उडतात, जबडा सारखा हलतो. एका रात्री मिक्सर खोलून पहाटेपर्यंत जोडत बसला. वर्षभर एमडी (मेफेड्रोन, उत्तेजक नशेची पावडर) घेतोय, असं त्यानेच कबूल केलं. ओळखीच्या मेडिकलवाल्याने ‘शांत व्हायची’ गोळी दिली. दुसऱ्या दिवशी मान एका बाजूला वळून अडकली, डोळे वर गेले. दवाखान्यात इंजेक्शनने उतरलं, पण पोलिसांच्या भीतीने एमडीचं सांगितलं नाही. आई म्हणते बाधा, बाबा म्हणतात नाटकं. काय करू?

उत्तर: मान अडकली ती बहुधा त्या गोळीनेच. हॅलोपेरिडॉलसारखी मानसिक आजारांवरची औषधं मेंदूतलं डोपामिन (हालचाली सांभाळणारं रसायन) अडवतात आणि तरुण मुलांमध्ये पहिल्या चार-पाच दिवसांत असा पीळ पडू शकतो. कोकेनसारखी उत्तेजकं घेणाऱ्यांत तर धोका आणखी वाढतो. चिठ्ठीशिवाय ती गोळी द्यायलाच नको होती. तिचं पाकीट शोधून जपून ठेवा. इंजेक्शनचा अंमल उतरल्यावर पीळ परत येऊ शकतो, तसं झालं तर लगेच दवाखाना गाठा.

बोटांचं कारण वेगळं. अशी पावडर डोपामिनचा पूर आणते आणि हालचालींना लगाम घालणारी मेंदूतली केंद्रं गोंधळतात. मिक्सर खोलत बसणंही त्यातलंच. बाबांना सांगा, तो मिनिटभर हात रोखून धरू शकतो म्हणून ते नाटक ठरत नाही. नशा थांबली की बहुतेकांचं हे काही तासांत, नाहीतर काही दिवसांत ओसरतं. काहींचं मात्र रेंगाळतं.

आजच मिनिटभराचा व्हिडिओ काढा. त्याला जीभ बाहेर काढून १० सेकंद धरायला सांगा, टिकते का बघा. मग तुमची दोन बोटं घट्ट पकडायला सांगा. गाईची धार काढताना होते तशी पकड सैल-घट्ट, सैल-घट्ट होत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला ते आवर्जून सांगा. ते थायरॉइड, साखर, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासतील. या वयात विल्सनचा आजारही (शरीरात तांबं साठतं तो) असाच दिसू शकतो, म्हणून सिरुलोप्लाझ्मिन या रक्ततपासणीचं विचारा. लघवीच्या नेहमीच्या पट्टीत एमडी अनेकदा सापडत नाही, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टवर हुरळून जाऊ नका.

एमडीचं मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर पुन्हा तसलंच औषध दिलं जाईल. कायद्याची भीती समजते. पण एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या आणि स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहेच.

ताप चढला, अंग लाकडासारखं कडक झालं, तो असंबद्ध बोलू लागला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर वाट न बघता १०८ लावा.

आईला अंगारा लावायचा असेल तर लावू द्या. पोटात मात्र कुठलाही काढा किंवा झोपेची गोळी जाऊ देऊ नका.