बाळ चार दिवसांचं आहे, आई म्हणते सुनेला दूध पुरत नाही. डब्याचं सुरू करू का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बाळ रात्रभर रडतं, तुमची आई म्हणते "हिला दूधच नाही, डबा आण", आणि विचारलंय की आपल्या आज्यांनी कसं निभावलं, मेथीच्या लाडवांनी दूध वाढतं का. डब्याचं आधी सांगते. बाळ पुऱ्या दिवसांचं असेल, चांगलं ओढत असेल आणि लंगोट ओले होत असतील तर नका आणू. पुढचं वाचायला सवड असेल तर वाचा, कारण "हिला दूधच नाही" हे मी १९९३ पासून ऐकतेय.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातलं, सासर तिथलंच, आर्णीकडचं. माझी माय गावची सुईण. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण लेकरू बाहेर आलं की वार पडायच्या आत ते मायच्या छातीला लावायची. म्हणायची, "लेकरू ओढते तं वारही लवकर पडते." बाळानं ओढलं की गर्भाशय आवळतं, हे मी नंतर आरोग्य केंद्राच्या सिस्टरकडून ऐकलं, तेव्हा मायचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. माझं पहिलं बाळंतपण तिच्याच हातचं. काही त्रास नाही.

दुसरं मात्र सासरी झालं. ऐन कार्तिक, कापूस फुटलेला, वेचणीला बाया मिळेनात, म्हणून मला माहेरी धाडलंच नाही. मुलगा झाला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, माझा चीक, म्हणजे पहिलं घट्ट पिवळं दूध, पितळेच्या वाटीत पिळून घेतला आणि मोरीत ओतला. "जड असते व, पोट्ट्याले पचत नाही. आमच्यात तिसऱ्या दिवसापर्यंत पाजत नाहीत." तीन दिवस बाळाला शेळीचं दूध, कापसाचा बोळा बुडवून. गुळाचं पाणी वेगळं. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात घरची गाय व्याली. तिच्या चिकाच्या वड्या करून, वर वेलदोडा घालून, अख्ख्या आळीत वाटल्या. मलाही दोन दिल्या. मी बाजेवर बसून गाईचा चीक खातेय आणि माझा मोरीत गेलेला.

चौथ्या दिवशी बाळाला पाण्यासारखी हगवण लागली. निरोप गेला, माय एसटीनं आली. दारात चपला काढायच्या आधीच ओरडली, "वासराले पहिले चीक पाजता न, मंग माह्या नातवानं कोणतं पाप केलं?" मग तिनं बाळ माझ्या छातीला लावलं आणि दिवसरात्र तिथंच बसून राहिली. आमचे हे सगळा वेळ ओसरीवर. एक शब्द नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि त्यांनाही ते माहीत आहे. बाळ वाचलं. माझ्या नणंदेचं मात्र आजही प्रत्येक लग्नात सुरू होतं की तुझ्या आईनं आमच्या घरात येऊन तमाशा केला.

तर आज्यांनी कसं निभावलं? काहींनी उत्तम, काहींनी चीक फेकून. "जुनं ते सोनं" मला पटत नाही आणि "म्हाताऱ्या अडाणी" तेही नाही. माझी मायसुद्धा पूर्वी नाळेला राख लावायची. धनुर्वातानं तिच्या हातची दोन लेकरं गेली. प्रशिक्षण झाल्यावर ती ब्लेड उकळायला लागली आणि राख कायमची बंद केली. गावच्या बाईला नीट शिकवलं तर ती शिकते. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरची नवजात बाळं जगवून दाखवली. बालमृत्यू कमी झाल्याचे आकडे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, घरी येऊन बाळाचं वजन करते, ती पद्धत तिथूनच देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी आली का? नसेल तर फोन लावा.

दूध आटलं म्हणजे काय, ते सांगते. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत, बाविसाव्या दिवशी मी वेचणीला गेले. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, थोरली तीन वर्षांची पोर झोका द्यायला. तिकडे बाळ रडलं की इकडे पान्हा फुटायचा, ब्लाऊज भिजायचा आणि ओल्या कापडाला कापसाचे तंतू चिकटायचे. पाजायच्या आधी ते एकेक निपटून काढायची. पण तास, म्हणजे कापसाची हातातली ओळ, संपल्याशिवाय जाता यायचं नाही. जेवढं बाळ ओढतं तेवढं दूध बनतं. दिवसातून दोनदा पाजलं तर शरीर दोनदाचंच बनवणार. दोन महिन्यांत दूध उतरलं आणि घरात निकाल लागला: "हिचं दूधच पातळ." नोकरीवाल्या बाईला कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कापूस वेचणारीला कोण देतं?

आता माझीच फजिती. गेल्या वर्षी सुनेचं सिझर झालं, तालुक्याच्या गावी, खासगीत. ती शुद्धीवर यायच्या आधी तिथल्या बाईनं बाळाला डबा पाजलेला. सिझरनंतर दूध उतरायला दिवस-दीड दिवस जास्त लागू शकतो, हे मला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या रात्री बाळ थांबेना तेव्हा दीड वाजता मेडिकलवर कोण गेलं? मीच. १९९२ च्या कायद्यामुळे डब्यावर छापावंच लागतं की आईचं दूध सर्वात उत्तम. ते वाचलं आणि पैसे दिले. सातव्या दिवशी आशाताई आली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, बाळ नुसती बोंडी चोखतंय. तोंड मोठं उघडू द्या, भोवतालचा काळा भागही आत गेला पाहिजे. पंधरा दिवसांत डबा सुटला. म्हणजे सून "कमी" नव्हती, धरायचं चुकत होतं.

तुमच्याकडेही आधी तेच बघा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतंय का, रात्रीचंसुद्धा? पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा-सात लंगोट ओले हवेत, शी काळ्याची पिवळी व्हायला हवी. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत भरून येतं. पाणी, मध, घुट्टी काही नको. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ ला टेकला तरी सहा महिने वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. आणि दुपटी तुम्ही धुवा, भाऊ. ओसरीवर बसू नका.

हे सगळं धडधाकट बाळाचं. बाळ कमी दिवसांचं किंवा अगदी कमी वजनाचं असेल, सुस्त पडून ओढतच नसेल, लघवी होत नसेल, डोळे-अंग पिवळं दिसत असेल, तर माझं उत्तर बंद करा आणि आजच दवाखाना गाठा. तिथं डॉक्टरांनी तपासून वरचं दूध सांगितलं तर मुकाट्यानं द्या. तेव्हा माझ्या मायचं नाव पुढे करू नका.

लाडवांचं राहिलं. मेथी, डिंक, हाळीव, सगळं चांगलं. नुसत्या मेथीनं दूध वाढेल याच्या भरवशावर राहू नका, पण तूप-गूळ-खोबरं पोटात गेलं की बाईच्या अंगात जीव येतो. फक्त ते बाळंतिणीनंच खाल्ले पाहिजेत. १९९३ साली मायनं येताना पाच किलोचा डबा भरून आणला होता. मला त्यातले चार लाडू मिळाले. डबा नणंदेच्या खोलीत होता.