स्टेपर मोटर घेऊ की सर्वो?

प्रश्न : मी सांगलीत राहतो, कुपवाड एमआयडीसीत नोकरी. घरी लाकूड कोरायला दोन बाय तीन फुटी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन) बनवतोय, पाच एमएम पिचचे (एका फेरीत पाच एमएम सरकवणारे) बॉलस्क्रू घेतलेत. मित्र म्हणतो सर्वोच टाक, स्टेपर स्टेप खातात. काय करू?

उत्तर : मित्राचं अर्धं खरं आहे. स्टेपर म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेपने) फिरणारी मोटर, सर्वो म्हणजे आपली जागा मोजत फिरणारी. साध्या स्टेपरला आपण कुठे पोचलो ते कळत नाही, कंट्रोलर पल्स देतो आणि मोटर तेवढी फिरली असं धरून चालतो, मग कटर लाकडात अडकला की स्टेप गेली आणि पुढचं सगळं डिझाईन सरकलं. पण हे होतं कधी, तर मोटर कमी ताकदीची असली किंवा वेग जास्त ठेवला तर. स्टेपरचा टॉर्क (फिरवायची ताकद) वेग वाढला की पडतो, सर्वोचा रेटेड स्पीडपर्यंत जवळपास टिकतो, खरा फरक हाच. आता तुमचा हिशोब बघा, मिनिटाला ३००० एमएम म्हणजे या स्क्रूवर ६०० आरपीएम, एवढं नेमा २३ (मोटरचा एक स्टँडर्ड साईज) स्टेपर आरामात करेल, फक्त सप्लाय २४ ऐवजी ४८ व्होल्टचा घ्या (मोटरला करंट देणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला चालतो ना बघून), तिथेच लोक पैसे वाचवतात आणि मग मोटरला शिव्या घालतात. एका फेरीत २०० स्टेप, म्हणजे फुल स्टेपलाच ०.०२५ एमएम, लाकडाला अजून काय पाहिजे? सर्वोला ट्यूनिंग (सेटिंग जुळवणं) लागतं, नीट नाही झालं तर गुणगुणत थरथरत बसतो. फारच धाकधूक वाटत असेल तर एन्कोडरवाला (जागा मोजणारा सेन्सर असलेला) क्लोज्ड लूप स्टेपर घ्या, चूक झाली तर अलार्म देऊन थांबतो.