‘रानउंदीर’ की ‘डोंगरउंदीर’? सह्याद्रीतील एका उंदराच्या मराठी नावाविषयी

कोल्हापुरातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, सह्याद्रीतील सस्तन प्राण्यांचा तक्ता शाळेसाठी मराठीत तयार करताना ‘सह्याद्री फॉरेस्ट रॅट’ या प्राण्यापुढे कोणते नाव लिहावे. ‘रानउंदीर’, ‘रानघूस’ आणि ‘गिरिमूषक’ अशी तीन नावे त्यांना सुचवली गेली आहेत, त्यांपैकी बरोबर कोणते, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते तिन्ही नावे बाजूला ठेवून ‘सह्याद्री डोंगरउंदीर’ असे लिहावे. मात्र त्याची कारणे कळण्यासाठी हा प्राणी कोण आहे आणि तो कसा राहतो, हे आधी पाहावे लागेल.

या उंदराचे शास्त्रीय नाव ‘रॅटस सातारे’. त्यातील ‘सातारे’ हे लॅटिन षष्ठीचे रूप असून त्याचा अर्थ ‘साताऱ्याचा’ एवढाच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी सुरू केली, तिच्यातील उंदरांचा अभ्यास करून मार्टिन हिंटन यांनी 1918 मध्ये हे नाव दिले, आणि त्यासाठी आधार धरला तो सातारा जिल्ह्यातील घाटमाथ्यावरचा नमुना. हिंटन यांचा तो अहवाल मुळात भारत, ब्रह्मदेश आणि सिलोन येथील घरउंदरांविषयीचा होता, त्यामुळे हा जंगलातला प्राणी घरउंदराची एक उपजाती म्हणून नोंदला गेला आणि पुढे कित्येक दशके त्याच खात्यावर राहिला. अलीकडच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जातीचा मान मिळाला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतात एकाच परिसरात राहणारे घरउंदीर आणि हे उंदीर यांची तुलना करण्यात आली, तेव्हा शरीराची ठेवण, गुणसूत्रे आणि जनुके या तिन्ही बाबतींत दोघे वेगळे असल्याचे स्पष्ट झाले.

हा उंदीर पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाही, आणि पश्चिम घाटातही तो सलग पसरलेला नाही. उत्तरेला साताऱ्याकडचा डोंगर, मग मधला मोठा पट्टा सोडून कर्नाटकातील कोडगू (कूर्ग), आणि त्याच्याही दक्षिणेला निलगिरी, अशा एकमेकांपासून तुटलेल्या भागांत त्याची वस्ती आहे. उंचावरची दमट पानझडी आणि सदाहरित जंगले हे त्याचे घर. तो निशाचर आहे आणि त्याचा वावर मुख्यतः झाडांवर असतो. डोके आणि धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षाही त्याची शेपटी लांब असते, आणि फांदीवरून चालताना तोल सांभाळण्यासाठी ती उपयोगी पडते. जंगल तुटले की त्याला दुसरीकडे सरकायला जागा उरत नाही. निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात आहे.

एवढे कळल्यावर ‘रानघूस’ हे नाव फार वेळ टिकत नाही. घूस म्हणजे ‘बँडिकोटा’ या वेगळ्या प्रजातीचा प्राणी. तिचे अंग जड, तोंड बोथट आणि मुक्काम जमिनीखाली. उसाच्या बांधावर घुशीचे बीळ पाहिले, तर तोंडाशी उकरलेल्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसतो, आणि पुष्कळदा आतल्या बाजूने ते तोंड मातीने लिंपून बंद केलेले असते. आपल्या शेतांत सर्रास सापडणाऱ्या लहान घुशीची शेपटीही धडापेक्षा आखूड असते. झाडावर राहणाऱ्या, लांब शेपटीच्या प्राण्याला घूस म्हटले, तर ज्याने घूस पाहिली आहे त्याच्या डोळ्यांसमोर नेमका उलटा प्राणी उभा राहील. (‘बँडिकोटा’ हा शब्दही आपल्या शेजारचाच आहे. तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दाचे ते युरोपीय वळणाचे रूप होय.)

‘गिरिमूषक’ हा शब्द व्याकरणाने शुद्ध आहे, पण तो कोणाच्या तोंडी बसणार नाही. मराठीत ‘मूषक’ म्हटले की गणपतीचे वाहन आठवते, आणि त्यामागचा ‘मूष्’ हा धातू चोरण्याच्या अर्थाचा आहे. कणगीतले धान्य पळवणाऱ्या उंदराला हे नाव शोभते, परंतु माणसाच्या वस्तीपासून दूर, झाडांच्या शेंड्यांवर राहणाऱ्या उंदराने माणसाचे काही चोरलेले नाही. ‘गिरि’वरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमरकोशात ‘उन्दुरुर्मूषकोऽप्याखुर्गिरिका बालमूषिका’ अशी ओळ येते. त्यातील ‘गिरिका’ म्हणजे लहान उंदीर. डोंगरावरचा उंदीर असा अर्थ तेथे नाही, तेव्हा ‘गिरिमूषक’ला या ओळीचा आधार देता येणार नाही. आपला ‘उंदीर’ मात्र त्याच ओळीतल्या ‘उन्दुरु’चा वंशज आहे. इतका जुना आणि वापरात घासून गुळगुळीत झालेला शब्द हाताशी असताना तो टाळण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

आता ‘रानउंदीर’. तिघांत हा सर्वांत बळकट पर्याय आहे, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो खटकणारही नाही. कोल्हापुरात मात्र तो चालणार नाही असे मी म्हणतो, याचे कारण आपल्याकडचा ‘रान’ या शब्दाचा अर्थ. करवीर, कागल किंवा शिरोळ तालुक्यात ‘अण्णा रानात गेल्यात’ असे कोणी सांगितले, तर अण्णा जंगलात गेले असे कोणीही समजत नाही. ते उसाला पाणी पाजायला शेतावर गेलेले असतात. ‘रान नांगरलं’, ‘रान तयार केलं’, ‘काळं रान’, ‘मुरमाड रान’ या सगळ्या बोलण्यात रान म्हणजे कसलेली किंवा कसण्याजोगी जमीन. अशा गावातल्या मुलाला तक्त्यावर ‘रानउंदीर’ वाचून काय कळेल? भुईमुगाच्या शेंगा पळवणारा आणि ऊस कुरतडणारा उंदीर, म्हणजेच ज्याच्यासाठी घरात औषध आणून ठेवलेले असते तो. ज्या प्राण्याला जपावे म्हणून तक्ता करायचा, त्याच्यावर शेतातल्या उपद्रवाचा आळ केवळ नावामुळे यावा, हे मला फार चुकीचे वाटते.

शिवाय ‘रान’ हे पूर्वपद जंगल याच अर्थाने घेतले तरी आणखी एक अडचण उरते. रानडुक्कर, रानमांजर, रानकोंबडा, रानकेळ या शब्दांकडे पाहिले तर दिसते की, माणसाजवळ जो प्राणी किंवा जे झाड आहे, त्याचा जंगली जोडीदार दाखवण्यासाठी मराठी ‘रान’ लावते. शेकरू, गवा, भेकर यांना ते लागत नाही, कारण त्यांना स्वतःची नावे आहेत. ‘रानउंदीर’ म्हटले की घरातल्या उंदराचाच जंगलात राहणारा भाऊ असा अर्थ आपोआप निघतो, आणि 1918 पासूनची जी समजूत पुढील अभ्यासाने दूर केली, ती नावाच्या वाटेने पुन्हा आत येते.

‘डोंगर’ या शब्दाला असा दुहेरी अर्थ नाही. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा या बाजूला ‘डोंगरात गेला’ म्हटले की झाडीने भरलेला चढच मनात येतो, आणि शेताशी त्याची गल्लत होत नाही. उंचावरची वस्ती हा या प्राण्याचा ठळक विशेष असल्याने नाव त्याच्या राहणीशीही जुळते. मागे ‘सह्याद्री’ हवेच, कारण डोंगरावर राहणारा उंदीर हा एकटाच नाही. सिंहगडाच्या माथ्यावर सापडलेल्या आणि मिश्रा व धांडा यांनी 1975 मध्ये ‘मिलार्डिया कोंढाणा’ असे नाव दिलेल्या उंदराचे उदाहरण समोर आहे. तोही डोंगरावरचाच आहे, पण बिळात राहणारा आणि मऊ केसांचा, म्हणून त्याला सरळ ‘कोंढाणा उंदीर’ म्हणावे. त्याच न्यायाने आपल्या उंदराला ‘सातारी उंदीर’ का म्हणू नये, असे कोणी विचारील. शास्त्रीय नावाचे ते शब्दशः भाषांतर होईल हे खरे. परंतु सातारी कंदी पेढे किंवा कोल्हापुरी चप्पल यांत जसे गाव हेच वस्तूचे मूळ ठिकाण असते, तसे या उंदराचे नाही, कारण तो कोडगू आणि निलगिरीतही तितकाच स्थानिक आहे. ‘सह्याद्री’ या नावात भूगोलाच्या दृष्टीने हे तिन्ही भाग येतात.

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ या म्हणीची आठवण होऊन मुले हसतील, अशी शंका प्रश्नातच व्यक्त केली आहे. हसली तरी बिघडत नाही. ती म्हण मोठ्या खटाटोपातून निघालेल्या क्षुल्लक फळाविषयी आहे, आणि तिच्यामुळे नाव लक्षात राहायला मदतच होईल. शिक्षकाने एवढेच सांगावे की, या उंदराला शोधायचे तर डोंगर पोखरून उपयोग नाही, मान वर करून फांद्यांकडे पाहावे लागेल, तेही रात्री.

लेखनाविषयी दोन गोष्टी. ‘डोंगरउंदीर’ हा सामासिक शब्द असल्याने तो जोडून लिहावा, पण स्वरसंधी करू नये. ‘भुईआवळी’ आपण जशी सुटे स्वर ठेवून लिहितो, तसेच हे, ‘डोंगरोंदीर’ असे रूप मराठीत होत नाही. विभक्ती लावताना ‘उंदीर’मधील दीर्घ ‘ई’ लोप पावते, म्हणून ‘डोंगरउंदराची शेपटी’, ‘डोंगरउंदराला’ असे लिहावे. ‘उंदीराची’, ‘उंदीराला’ ही रूपे फलकांवर आणि वर्तमानपत्रांतही हल्ली वारंवार दिसतात, ती तक्त्यात येऊ देऊ नयेत. अनेकवचन ‘डोंगरउंदीर’ असेच राहील, आणि मादीसाठी ‘उंदरीण’ हा शब्द आपल्याकडे चालत आलेलाच आहे.