कितीने आणि कितीपट

प्रश्न : ताई, मी एका कंपनीत दर महिन्याचा विक्रीचा डॅशबोर्ड तयार करते. आमची बारा उत्पादनं आहेत. त्यातल्या एकाचे महिन्याला चार लाख नग खपतात, बाकीच्यांचे तीनशेपासून दोन-तीन हजारांपर्यंत. साध्या स्तंभालेखात एकच मनोरा दिसतो आणि उरलेली अकरा उत्पादनं तळाला चिकटतात. अक्षाच्या सेटिंगमध्ये ‘लॉगॅरिदमिक स्केल’ निवडलं, तर सगळी व्यवस्थित दिसायला लागली. मला आनंद झाला, पण साहेब म्हणाले, “हा आलेख खोटं बोलतोय.” आकडे तर बरोबर आहेत. मग चूक कुणाची? — एक वाचक

उत्तर : साहेबांचं म्हणणं खरं आहे, आणि लॉग स्केलचाही दोष नाही. बिघडलंय ते स्तंभांमुळे.

शाळेत आपण एकं, दहं, शतं, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी असं एका दमात म्हणायचो. प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा दहापट मोठा, पण तोंडाला प्रत्येकाला वेळ जवळपास सारखाच. ‘लक्ष’ म्हणायला ‘हजार’पेक्षा शंभरपट वेळ लागत नाही. लॉग स्केलचा अक्ष अगदी असाच चालतो. साध्या अक्षावर सारखं अंतर म्हणजे सारखी बेरीज, लॉग अक्षावर सारखं अंतर म्हणजे सारखा गुणाकार. म्हणून १०० आणि १,००० यांच्या बरोबर मध्ये तिथे ५५० येत नाही, साधारण ३१६ येतो. शंभराची ३.१६ पट ३१६, आणि ३१६ ची ३.१६ पट हजार.

आता तुमचे स्तंभ. स्तंभ पाहताना डोळा त्याची लांबी मोजतो. दुप्पट उंच म्हणजे दुप्पट विक्री, हे कुणी शिकवावं लागत नाही. ही तुलना खरी ठरायला स्तंभ शून्यापासून उभा असावा लागतो आणि लॉग अक्षावर शून्य नसतोच. मग तळ कुठे धरायचा, हे सॉफ्टवेअर ठरवतं किंवा तुम्ही. तुमचेच आकडे घ्या : चार लाख आणि तीनशे, म्हणजे १,३३३ पट फरक. अक्ष १०० ते १० लाख ठेवला, तर मोठा स्तंभ छोट्याच्या साडेसातपट उंच दिसतो. अक्ष १ ते १० लाख केला, तर फक्त सव्वादोनपट. विक्री तीच, आकडे तेच, आणि तळ खाली सरकवल्याबरोबर छोटं उत्पादन मोठ्याच्या जवळ येऊन बसलं. साहेबांना जे खटकलं ते हेच. लॉग अक्षावर स्तंभ काढू नयेत, आणि एकावर एक रचलेले स्तंभ तर कधीच काढू नयेत. तिथे वरच्या तुकड्याची उंची त्याच्या खाली काय आहे त्यावर बदलते, त्यामुळे तिला काही अर्थच उरत नाही.

स्तंभाऐवजी ठिपके काढले तर ही अडचण येत नाही. ठिपक्याला लांबी नसते, फक्त जागा असते, आणि जागा अक्षावरच्या आकड्याशी जुळवून वाचता येते.

तरीही तुमच्या कामासाठी मी ठिपकेही सुचवणार नाही. आधी साहेबांना काय जाणून घ्यायचंय ते विचारा. आपल्या भाषेत दोन सुंदर प्रश्न आहेत : ‘कितीने वाढलं?’ आणि ‘कितीपट झालं?’ साधा अक्ष पहिल्याचं उत्तर देतो, लॉग अक्ष दुसऱ्याचं. माल किती भरायचा, माणसं किती लावायची, गोदामात जागा पुरेल का, हे सगळे ‘कितीने’चे प्रश्न. तिथे मोठं उत्पादन मनोऱ्यासारखं दिसणं योग्यच आहे, कारण ते खरोखर मनोरा आहे. अकरा लहान उत्पादनं पाहायची असतील तर त्यांचा वेगळा आलेख करा, स्वतःच्या अक्षासह, आणि वर ठळक लिहा की यात मुख्य उत्पादन घेतलेलं नाही.

माझ्याकडून या बाबतीत एकदा मोठी चूक झाली होती. एका कंपनीत मी ऑर्डरींचा आठवड्याचा अहवाल करायचे. सगळे विभाग एकाच आलेखात मावावेत म्हणून मी रेषा लॉग अक्षावर काढल्या, १ पासून १० लाखांपर्यंत. आलेखाची उंची बारा सेंटिमीटर, म्हणजे एका दहापटीला दोन सेंटिमीटर. एका आठवड्यात एका विभागाच्या ऑर्डरी ५०,००० वरून ३०,००० वर आल्या. माझ्या आलेखात रेषा जेमतेम साडेचार मिलिमीटर उतरली. शून्य ते ६०,००० अशा साध्या अक्षावर ती चार सेंटिमीटर कोसळली असती. बैठकीत तो आलेख सगळ्यांनी पाहिला, मीही पाहिला, आणि पुढच्या पानावर गेलो. घसरण लक्षात यायला आणखी दोन आठवडे गेले. त्या विभागातल्या लोकांना त्या दोन आठवड्यांत जे सोसावं लागलं, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून रोजच्या देखरेखीच्या आलेखाला मी लॉग अक्ष लावत नाही. तिथे घसरण डोळ्यांत भरलीच पाहिजे.

मग लॉग स्केल कशासाठी? वाढीच्या दरासाठी, आणि तिथे त्याला तोड नाही. समजा तुमचे ग्राहक १,००० होते. पहिल्या महिन्यात १० टक्क्यांनी, म्हणजे १०० ने वाढले. मग दर हळूहळू उतरत बाराव्या महिन्यात ६ टक्क्यांवर आला. पण तोवर ग्राहक सव्वादोनपटीच्याही पुढे गेलेले असतात, त्यामुळे त्या महिन्यात सुमारे १४० वाढतात. साध्या आलेखावर रेषा वर-वर चढताना दिसते आणि सगळे खूश होतात. लॉग आलेखावर तीच रेषा वाकलेली दिसते. दर स्थिर असेल तर तिथे रेषा सरळ राहते, उतरला की वाकते. ही गोष्ट धंद्याला वेळेवर कळायला हवी आणि ती सांगायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही.

लहान-मोठ्यांची तुलनाही अशीच. एका सेवेचे वापरकर्ते वर्षात २०० चे ४०० झाले, दुसरीचे ५०,००० चे ६०,०००. साध्या अक्षावर पहिली सेवा मेल्यासारखी सपाट दिसते. लॉग अक्षावर तिची चढण दुसरीच्या जवळपास चौपट उभी असते, आणि ‘कितीपट’च्या हिशेबात ते योग्य आहे.

ही युक्ती जुनी आहे. लॉगॅरिदम, म्हणजे गुणाकाराची बेरीज करून देणारे आकडे, स्कॉटिश गणितज्ञ जॉन नेपियरने १६१४ मध्ये प्रसिद्ध केले. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६३ मध्ये किमतींचा अभ्यास करताना असे आलेख वापरले, आणि अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशरने १९१७ मध्ये एक लेख लिहून व्यापारी आकडेवारीसाठी त्यांची शिफारस केली. फिशरने त्यांना नाव दिलं ‘रेशो चार्ट’, म्हणजे गुणोत्तराचा आलेख. मला हे नाव फार आवडतं. बैठकीत ‘लॉगॅरिदम’ म्हटलं की लोकांना लॉग टेबलं आठवतात आणि चेहरे आक्रसतात, ‘हा पटींचा आलेख आहे’ म्हटलं की ते ऐकतात.

नाव सोपं केलं तरी वाचणं सोपं होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. २०२० मध्ये महासाथीचे आलेख दाखवून अमेरिकेत एक अभ्यास झाला. साधा आलेख पाहणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांनी त्यावरच्या एका सोप्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं, लॉग आलेख पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनीच. तुमच्या बैठकीतली माणसं हुशार असतील, पण ती पान दहा सेकंद पाहतात. म्हणून लॉग आलेख दिलाच, तर शीर्षकातच लिहा : ‘प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या दहापट’. अक्षावर १,०००, १०,०००, १,००,००० असे पूर्ण आकडे घाला, १०चा घात घालू नका. शेवटच्या बिंदूशेजारी खरा आकडा छापा. आणि एका पानावर साधा व लॉग आलेख शेजारी-शेजारी ठेवणार असाल, तर दोघांचे रंग तरी वेगळे ठेवा. घाईत माणूस दोन्ही एकाच नजरेने वाचतो.

प्रश्न : आमच्या नव्या शाखेत काही दिवस एकही विक्री होत नाही. लॉग आलेखात ते दिवस दिसतच नाहीत. प्रत्येक आकड्यात १ मिळवून आलेख काढावा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. चालेल का? — आणखी एक वाचक

उत्तर : शून्याचा लॉग नसतो. १ ला दहाने भागत राहा : ०.१, ०.०१, ०.००१. शून्य कधीच येत नाही, म्हणून अक्षावर त्याला जागाच नाही. काही साधनं तशी सूचना देतात, काही तो बिंदू गाळून शेजारचे दोन बिंदू सरळ जोडतात. हे दुसरं फार वाईट, कारण विक्री न झालेला दिवस मग चांगल्या दिवसासारखा दिसतो.

१ मिळवण्याने मोठ्या आकड्यांना काही होत नाही, १०,००० चे १०,००१ झाले तरी कुणाला कळणार नाही. पण नव्या शाखेचे आकडे लहान असतात. एका दिवशी १ नग आणि दुसऱ्या दिवशी २ नग, म्हणजे विक्री दुप्पट. मिळवणी केल्यावर ते २ आणि ३ होतात, म्हणजे दीडपट. जी शाखा नीट पाहायची आहे, तिचंच चित्र बिघडतं.

त्यापेक्षा रोजचे आकडे सोडून आठवड्याची बेरीज घ्या, बहुतेक शून्यं तिथेच जातील. तरी उरली, तर रेषा त्या जागी तोडा आणि तळाशी वेगळ्या पट्टीत पोकळ वर्तुळ काढून ‘विक्री नाही’ लिहा. नफा-तोट्याचा आलेख असेल, तर लॉगचा विचारही करू नका. तोटा ऋण असतो आणि ऋण आकड्यालाही या अक्षावर जागा नाही. तिथे साधा अक्ष घ्या आणि शून्याची रेघ जाड काढा.