कटची तक्रार काउंटरवर नको, खुर्चीत बसवून सोडवा

ताई, तुमची अडचण वाचली. शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत एका मॅडमनी खांद्यापर्यंत लेयर्स करून घेतले, जाताना खूश होत्या. मंगळवारी परत आल्या त्या काउंटरपाशीच उभ्या राहून म्हणाल्या, उजवी बाजू आखूड झाली आहे. कट करणारा मुलगा म्हणाला, कट बरोबर आहे, तुम्हीच आरशात बघून गेला होतात. आवाज चढले, बाकीची गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली, तुम्ही सगळे पैसे परत दिले, आणि तरी रात्री गुगलवर एक स्टार पडलाच. आता तो मुलगाही काम सोडायच्या गोष्टी करतोय. पैसे देऊनही माणूस नाराज का राहतो, आणि पुढच्या वेळी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

पैसे परत दिलेत हे वाईट केलंत असं मी म्हणणार नाही. पण पैसे घेऊन त्या घरी गेल्या तेव्हाही त्यांची उजवी बाजू आखूडच होती. दुसऱ्या दिवशी तेच केस घेऊन त्यांना ऑफिस गाठायचं होतं. मंगळवारी तुमच्याकडे त्या आल्यापासून जाईपर्यंत त्यांच्या केसांना कुणी हातसुद्धा लावला नाही, आणि मला वाटतं खरा राग तिथेच आहे. कोथरूडला मी बरीच वर्षं सलून चालवते आहे. कटची तक्रार काउंटरवर उभ्याउभ्या सुटत नाही, ती खुर्चीत बसवून, केस हातात घेऊनच सुटते, हे माझं ठाम मत आहे.

तर सुरुवात दारापासून. कुणीतरी नाराज होऊन आलंय हे चेहऱ्यावरून कळतंच. रिसेप्शनच्या मुलीने पावती शोधत बसू नये, कधी आला होतात, कुणी कट केला, हेही विचारू नये. "मॅडम, या ना, आधी बसा, बघू आपण," एवढंच म्हणून कडेच्या खुर्चीत न्यावं. चार लोकांसमोर बोलणं सुरू झालं की दोन्ही बाजूंना माघार घेणं जड जातं. मग मालकाने स्वतः जावं आणि म्हणावं, "कुठे खटकतंय ते हाताने दाखवा." हाताने दाखवायला सांगणं फार महत्त्वाचं आहे. रागात माणूस तोंडाने "सगळ्या केसांची वाट लावलीत" म्हणतो, पण हात मात्र नेमक्या जागी जातो. कानामागच्या एका बटेवर, नाहीतर कपाळावर उडणाऱ्या फ्रिंजवर. तिथे तुम्हाला निम्मं उत्तर मिळतं. त्यांचं बोलून होईपर्यंत मध्ये तोडू नका, आणि "पण त्या दिवशी तुम्हीच..." हे शब्द तर तोंडातून निघूच देऊ नका. शनिवारी त्या खूश होत्या हे खरं आहे, कारण शनिवारी त्यांनी ब्लो-ड्राय केलेले, ब्रशने खाली ओढलेले केस पाहिले होते. घरी पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतल्यावर जे दिसलं, त्याची तक्रार घेऊन त्या आल्या आहेत.

म्हणून पुढची पायरी केस धुण्याची. न धुता कात्री हातात घेऊ नका, हे कळकळीने सांगते. शाम्पू करा, टॉवेलने टिपा, आणि ब्रश न लावता हाताने मोकळे करत सुकू द्या. घाई असेल तर ड्रायर लांबून, मंद ठेवून फिरवा. ओला केस ताणला जातो, त्यामुळे लांब दिसतो. वेव्ही किंवा कुरळा असेल तर सुकताना बोट-दोन बोटं सहज वर चढतो, आणि दोन्ही बाजूंचा कुरळेपणा सारखा नसेल तर एक बाजू जास्त चढते. असे सुकवले की त्यांनी घरच्या आरशात जे पाहिलं तेच तुम्हाला दिसतं. शिवाय डोक्याला कोमट पाणी आणि हलका हात लागला की निम्मा राग तिथेच उतरतो.

आता तपासणी. दोन्ही पाय फूटरेस्टवर, ओढणी बाजूला, मोबाइल पर्समध्ये. पायावर पाय टाकून बसलं की एक खांदा खाली जातो, आणि मोबाइलमध्ये मान घातली की मागची लेव्हल बिघडते. कट करतानासुद्धा हे बघायला हवं, पण शनिवारच्या गर्दीत तेच राहून जातं. मग समोर उभं राहून दोन्ही कानांच्या पाळीमागून, अगदी एकाच जागेवरून, बारीक बट घ्या. सारख्याच ताणाने पुढे आणा आणि हनुवटीखाली दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. फरक असेल तर तो तुम्हालाही दिसेल आणि आरशात त्यांनाही दिसेल. दिसला तर सरळ म्हणा, "हो, इथे फरक राहिलाय, आत्ता बरोबर करून देते." आढेवेढे नकोत.

फरक नसेल तर भांग बघा. तुमच्या मॅडमच्या बाबतीत मला ही शंका दाट आहे. कट बहुतेक वेळा मधला भांग पाडून होतो. घरी त्या डावीकडे भांग पाडत असतील, तर डाव्या बाजूचे काही केस डोक्यावरून पलीकडे उजवीकडे पडतात. त्यांना जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून त्यांची टोकं वर राहतात आणि उजवी बाजू आखूड दिसते. म्हणजे तुमचा मुलगा म्हणतो ते खरं, कट बरोबर आहे. आणि त्या म्हणतात तेही खरं, उजवी बाजू आखूड दिसते आहे. दोघांनी आपापला मुद्दा सोडला नाही आणि भांग कुणी विचारलाच नाही. डावीकडे भांग पाडून टोकं जुळवली की हे दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं.

आपल्या पुण्यात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी: येता-जाता कशाने? दुचाकीवर तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट, आणि वाकडहून डेक्कनपर्यंतचा ट्रॅफिक. कपाळावरची फ्रिंज तेवढ्या वेळात चप्पट होऊन एका बाजूला दबते, आणि मानेपाशी गाठ मारलेल्या स्कार्फखाली खांद्यापर्यंतचे लेयर्स उलटे वळतात. अशा मुलीला भुवईपर्यंतची फ्रिंज कितीही छान कापून दिलीत तरी ती आठवड्याभरात तक्रार घेऊन येणार. तिला ती गालापर्यंत लांब ठेवून बाजूला वळवून द्यावी. तसंच पाणी. ज्या सोसायट्यांमध्ये बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं, तिथले केस दोन-तीन धुण्यांत राठ होतात आणि लेयर्स बसत नाहीत. त्यात कटचा दोष नसतो, पण हे पाणी कुठलं वापरता असं विचारल्याशिवाय कळत नाही. दोष नाही म्हणून हात झटकू नका. ड्रायर कसा धरायचा, शेवटचं पाणी कसलं घ्यायचं, हे पाच मिनिटं बसवून त्यांच्याच हाताने करून घ्या.

सगळ्यात अवघड तक्रार म्हणजे "फार आखूड केलेत". इथे कात्रीचा काहीच उपयोग नाही, आणि नेमकं इथेच स्टायलिस्ट "सेट करून देतो" म्हणत आणखी कापतात. मग दुसऱ्यांदा आलेली बाई आणखी इंचभर आखूड केस घेऊन घरी जाते आणि कायमची तुटते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. दोन इंच भरून यायला चार-पाच महिने लागतात, हे त्यांना खरंखरं सांगा. "पंधरा दिवसांत सेट होतील" असली खोटी आशा लावू नका. त्याऐवजी या महिन्यांत काय करता येईल ते सांगा: भांग कुठे पाडला तर चेहरा भरलेला दिसेल, पिना कुठे लावायच्या, टोकं कधी नीट करायला यायचं, आणि ते आमच्याकडून विनामूल्य. घरात लग्न असेल आणि अंबाडा घालायचा असेल, तर त्या दिवशीच्या हेअरस्टाइलची जबाबदारी आपण घ्यावी, गंगावन लावून का होईना. अशा वेळी मी पैसेही परत देते. न मागितलेलं काही आपल्याकडून झालं असेल, ट्रिम सांगितलं होतं आणि बॉब निघाला असेल, तर पैशांवर एक शब्दही बोलू नये. आकारात उणं राहिलं असेल तर दुरुस्ती फुकट, आणि तीही त्यांना सोयीच्या वेळी. आमच्याकडे मधल्या वारी सकाळी दुकान शांत असतं, तेव्हाच बोलावते. रविवारी दुरुस्तीला बसवलं की पुन्हा घाई होते.

रंग किंवा स्मूदनिंग (केस सरळ, मऊ करायची ट्रीटमेंट) केल्यावर डोक्याची कातडी जळजळली, फोड आले, तर हे सगळं बाजूला ठेवा. त्यावर दुसरं काही लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा.

लांबीवरून गैरसमज किती लांब जातो याचं दिल्लीतलं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल. 2018 मध्ये एका हॉटेलच्या सलूनमध्ये एका महिलेने खालून चार इंच काढायला सांगितले होते. तिची तक्रार अशी की वरून जेमतेम चार इंच ठेवून बाकीचे कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2021 मध्ये 2 कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि भरपाई पुराव्यावर ठरली पाहिजे म्हणून प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. पण सेवेत कसूर झाली हा निष्कर्ष न्यायालयाने बदलला नाही, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायचं. केस कापणं ही ग्राहक कायद्याखाली येणारी सेवा आहे आणि ग्राहकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं.

म्हणून कात्री लावण्याआधी इंचात बोलू नका. "थोडेसेच काढा", "लेव्हल करा", "स्टेप कट, पण लांबी ठेवा" यातून प्रत्येकाला वेगळं दिसतं. त्यात आपले बरेच कारागीर उत्तर प्रदेश, बिहार किंवा ईशान्येकडचे, आणि पेठेतल्या काकू अस्सल मराठीत सांगतात. "टोकं काढ" म्हणजे किती, ते मुलाला कळत नाही आणि तो मान डोलावतो. कोरड्या केसांवर त्यांच्याच हाताने धरायला सांगा, तिथे कंगवा आडवा लावून आरशात दाखवा आणि "इथपर्यंत राहणार ना?" असं विचारा. किती जाणार यापेक्षा किती राहणार हे विचारलं की घोळ होत नाही. पुरुषांकडे हाच घोळ मशीनच्या नंबरचा होतो. दोन नंबर म्हणजे सहा मिलिमीटर केस राहतात, एक नंबर म्हणजे तीन, म्हणजे थेट निम्मं. तिथे मात्र आठ-दहा दिवसांत भरून येतं, त्यामुळे रागही लवकर निवळतो.

आता तुमच्या मुलाचं. गिऱ्हाइकासमोर त्याला एक शब्द बोलला असाल तर त्याच्याशी आजच बसून बोला. आणि परत दिलेले पैसे त्याच्या पगारातून किंवा कमिशनमधून कापू नका. ज्या सलूनमध्ये दुरुस्तीचा भुर्दंड कारागिरावर पडतो, तिथे प्रत्येक कारागीर "कट बरोबर आहे" यावरच अडून बसतो, कारण कबूल केलं की खिशाला चाट. खर्च दुकानाने सोसावा. दुरुस्ती शक्यतो सीनियरने किंवा तुम्ही करावी, पण त्याला शेजारी उभं ठेवा. भांग बदलल्यावर केस कसे पडले हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या गिऱ्हाइकाला तो स्वतःहून विचारेल.

गुगलच्या रिव्ह्यूला उत्तर द्या, पण तिथे भांडू नका. कट तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, पैसे परत दिले होते, हे काही लिहू नका. वाचणाऱ्याला तुम्ही बरोबर होता की नाही यापेक्षा तुम्ही कसं वागता हे बघायचं असतं. मी असं लिहीन: "तुम्ही नाराज होऊन गेलात याचं वाईट वाटलं. त्या दिवशी तुमचे केस नीट पाहायला हवे होते, ते राहून गेलं. सोयीच्या दिवशी या, मी स्वतः बघते." रिव्ह्यू काढून टाकलात तर फुकट स्पा देऊ, असलं आमिष दाखवू नका, ते गुगलच्या नियमातही बसत नाही, आणि माणसाला ते लाच दिल्यासारखं लागतं.

रिव्ह्यूच्या उत्तरावर थांबू नका, फोनही करा. सकाळी अकराच्या सुमारास, स्वतः. "मॅडम, पैशांचं झालं, पण केसांचं राहिलं. तुम्ही घरी भांग कुठे पाडता?" इथून बोलणं सुरू करा. आल्या तर पैसे घेऊ नका, आधी पैसे परत दिले होते तो विषयही काढू नका. आणि काम झाल्यावर वहीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवा: भांग डावीकडे, केस वेव्ही, स्कूटर, पाणी टँकरचं. पुढच्या वेळी कुठलाही मुलगा कट करो, ती ओळ वाचूनच कात्री उचलेल.