मखरात कोणता गणपती होता?

प्रिय दोस्ता,

तुझ्या पर्यावरणपूरक गणपतीच्या मोहिमेच्या अहवालाचा मसुदा दोनदा वाचला. शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा, शाळेतली व्याख्यानं, सोसायट्यांमधली पत्रकं, सगळ्याची नोंद व्यवस्थित आहे. फोटो तर इतके गोड आहेत की देणगीदार कंपनी पुढच्या वर्षी नक्की पैसे देईल. पण मोहिमेचं मूल्यमापन म्हणून मला हे पटलेलं नाही. तू किती काम केलंस ते यात आहे. त्याने काय बदललं हे शोधायला मला शेवटच्या पानापर्यंत जावं लागलं, आणि तिथेही ते सापडलं नाही.

रागावू नकोस. असला अहवाल मीही लिहिला आहे. आम्हीही शाळाशाळांतून शाडू मळायला लावला होता, मुलांची हजेरी मोजली होती आणि 'उत्तम प्रतिसाद' असं ठोकून दिलं होतं. पुढे गौरीच्या जेवणाला एका ओळखीच्या घरी गेले. लेकीने कार्यशाळेत केलेला गणपती टीव्हीशेजारी कौतुकाने मांडलेला होता. मखरात मात्र स्टॉलवरून आणलेली, पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) चकचकीत मूर्ती! मी विचारलं, तर तिची आई सहज म्हणाली, "अहो, कार्यशाळा चतुर्थीच्या आधीच्या रविवारी होती. आमची मूर्ती श्रावणातच बुक केलेली."

त्या एका वाक्याने माझा अख्खा अहवाल रद्दीत गेला. लोकांना माहिती नव्हती असं नाही. आम्हीच उशिरा पोचलो होतो. कोकणात तर ज्यावर मूर्ती घडवायची तो गणपतीचा पाट त्याआधीच चित्रशाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, जाऊन बसलेला असतो. निर्णय होऊन गेल्यावर प्रबोधन करायचं आणि टाळ्या मोजायच्या, यात आम्ही तीन वर्षं घालवली.

म्हणून तुझ्या प्रश्नावलीबद्दल आधी बोलते. "तुम्ही पर्यावरणपूरक गणपती बसवता का?" हा प्रश्न काढून टाक. दारात ओळखपत्र लावलेला मुलगा उभा असताना कोण नाही म्हणेल? त्याऐवजी मूर्ती कुठून आणली, केव्हा ठरवली, केवढ्याला पडली, घरी आणताना किती जणांनी धरली होती, हे विचार. शाडूची मूर्ती जड असते आणि जपून आणावी लागते. पीओपीची पोकळ, हलकी. स्टॉलवाल्याने 'शाडूच आहे' म्हणून काय विकलं, हे लोकांना ठाऊक नसतं. वजन मात्र हातांना आठवतं.

१९७७ साली तिबिलिसीला पर्यावरण शिक्षणावर जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिने पाच उद्दिष्टं सांगितली होती: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. तुझे जवळजवळ सगळे प्रश्न पहिल्या दोनांतच अडकले आहेत. 'पीओपी पाण्यात विरघळतं का?' याचं बरोबर उत्तर देणारा माणूस संध्याकाळी तीच मूर्ती नदीवर घेऊन जाऊ शकतो.

कौशल्याचं म्हणशील तर अमोनियम बायकार्बोनेटचंच घे. त्याच्या पाण्यात पीओपीची मूर्ती घरीच विरघळवायची ही पद्धत पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिली आणि महापालिकेने पावडर फुकट वाटली. बादलीत मूर्ती ठेवून अधूनमधून ढवळत राहिलं की दोनेक दिवसांत पीओपी विरघळतं, तळाला खडूसारखा गाळ बसतो, आणि वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी पातळ करून झाडांना घालता येतं. कागदावर झकास. पण वन बीएचकेमध्ये ती बादली ठेवायची कुठे? अमोनियाचा वास घरभर झाल्यावर आजी काय म्हणणार? आणि बाप्पाला रोज थोडं थोडं विरघळताना बघणं सगळ्यांना झेपत नाही, हेही मान्य कर. तेव्हा पुड्या किती वाटल्या हा आकडा फार बोलत नाही. पितृपंधरवड्यात घरोघर जा. न फोडलेली पुडी कपाटात आहे का ते बघ, बादलीतलं पाणी कुठे ओतलं ते विचार. फसलेल्या घरांत जास्त वेळ बस. तिथे शिकायला मिळतं.

आणखी एक. विसर्जन हौदात मूर्ती वाढल्या त्याचं श्रेय तू मोहिमेला दिलं आहेस. पण २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं होतं. मग लोक तुझ्या पत्रकाने हौदाकडे वळले की आदेशाने, की घाटावर पोलीस उभा होता म्हणून? हे थोडं तरी वेगळं काढायचं असेल, तर जिथे अजून तुम्ही गेलाच नाहीत अशा दोन-चार सोसायट्या निवड आणि तिथेही हेच प्रश्न विचार. दोन्हीकडे वाढ सारखीच निघाली, तर तसं लिही. कंपनीला मार्चअखेर छान कागद हवा असतो हे मला माहीत आहे, पण खरा आकडा दिला म्हणून पैसे थांबले असं माझ्या बाबतीत एकदाच झालं.

नमुना मोठा नको. थोडीच घरं घे, पण त्याच घरांत मोहिमेआधी एकदा आणि विसर्जनानंतर एकदा जा. गेल्या वर्षीचं 'आधी' आता हातातून गेलं. ते आठवणीवर रचू नकोस. या वर्षीचं अजून हातात आहे, बुकिंग सुरू व्हायच्या आत पहिली फेरी करून टाक.

आणि मूर्तिकारांना विसरलास. तुझ्या अहवालात ते फक्त 'अडथळे' या मथळ्याखाली येतात. शाडू वाळायला वेळ लागतो, तडा जातो, ठेवायला जागा लागते. पीओपी साच्यातून भराभर निघतं. कोणती मूर्ती किती करायची हे त्यांनी कधीच ठरवलेलं असतं, त्यामुळे गिऱ्हाईक कुठे झुकतंय हे तुझ्या प्रश्नावलीच्या आधी त्यांना कळतं. मी रविवारी सकाळी कुंभारवाड्यात जाणार आहे. यायचं असेल तर शनिवारपर्यंत कळव. आणि संस्थेचा तो टी-शर्ट घालून येऊ नकोस.

तुझी,
ताई