डोळे चुरचुरतायत? आधी पापणीकडे बघा

प्रश्न : मॅडम, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वय ३४. जीएसटीची रिटर्न्स भरायची, जीएसटीआर-वनची ११ आणि थ्री-बीची २० तारीख जवळ आली की दिवसभर एक्सेलमध्येच डोकं. दुपारी चार वाजले की डोळे चुरचुरतात, पाणी येतं, कपाळ ठणकतं. नंबर तपासला तर तोच आहे. चष्म्याच्या दुकानात म्हणाले ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच घ्या, हजारेक रुपये जास्त मोजले, फरक शून्य. आता काय करू?

उत्तर : ब्लू कटचं एकदा स्पष्टच सांगते, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. स्क्रीनमधून निळा प्रकाश येतो हे खरं, पण भर दुपारी त्र्यंबक रोडच्या सिग्नलला उभं राहिलं की उन्हातून जो येतो त्याच्यापुढे तो काहीच नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर कॉम्प्युटरवर काम करून डोळ्यांना येणारा ताण या काचांनी साध्या काचेपेक्षा कमी होतो असं काही दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी नाही. चष्मा वापरा, वाईट काही नाही त्यात, पुढच्या वेळी मात्र ते हजार रुपये वाचवा.

तुमचा खरा घोळ पापणीत आहे. गप्पा मारताना आपली पापणी मिनिटाला साधारण १५-२० वेळा लवते, स्क्रीनकडे टक लावली की तीच ५-७ वर येते, आणि त्यातलीही बरीचशी अर्धवट, म्हणजे वरची पापणी खालचीला टेकतच नाही. पापणी लवते तेव्हा डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो, तो वाळला की चुरचुर. मग डोळा वैतागून भसाभस पाणी सोडतो. पाणी येतंय म्हणजे डोळा कोरडा कसा, असं बरेच जण विचारतात, तर बऱ्याचदा ते कोरडेपणामुळेच येतं.

आता जागेवर बसल्या बसल्या बघा, मॉनिटर केवढा उंच आहे? खूप ऑफिसांत तो सीपीयूवर नाहीतर फायलींच्या गठ्ठ्यावर चढवलेला असतो. वर बघायचं म्हटलं की डोळा जास्त उघडतो आणि जेवढा जास्त उघडा तेवढा लवकर वाळतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, अंतर हातभर. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर पाती वळवा किंवा खुर्ची सरकवा, आणि आपल्याकडे थंडीत हवा तशीही कोरडी, तेव्हा टेबलफॅन समोर ठेवून बसू नका. खिडकी पाठीमागे असेल तर तिची चकाकी स्क्रीनवर पडते, ती बाजूला येईल असं टेबल फिरवा. एक्सेल १२० टक्के झूम केलं म्हणून कोणी पगार कापत नाही.

दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघायचं हे तुम्ही ऐकलं असेलच. जवळ बघताना डोळ्यातला एक छोटा स्नायू सतत आवळलेला असतो, २० फुटांपलीकडे तो सैल सुटतो, एवढीच त्यातली गोम. तुमच्या बाजूला खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसत असेल तर त्याच्याकडे बघा, नसेल तर गेटवरचा वॉचमन चालेल. बघताना दहा वेळा डोळे पूर्ण मिटून उघडा, पापणी पापणीला टेकलेली जाणवली पाहिजे. लोक यासाठी मोबाइलवर अलार्म लावतात आणि तो बंद करायला फोन हातात घेतला की पुढची दहा मिनिटं रील्स, त्याला ब्रेक म्हणत नाहीत हो. एवढं करून महिनाभरात फरक नाही पडला तर डोळे दाखवा, तेव्हा कोरडेपणाची तपासणीही करा असं मुद्दाम सांगा, नुसता नंबर काढून येऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, आम्ही इंदिरानगरला राहतो. त्याला उणे सव्वा नंबर लागलाय. सासरे म्हणतात सतत चष्मा लावला की नंबर वाढतो, गाजर द्या आणि टीव्ही लांबून बघू दे.

उत्तर : टीव्ही लांबून हे सासऱ्यांचं बरोबर आहे. मोबाइल नाकापासून वीतभर लांब धरण्यापेक्षा टीव्ही कधीही बरा. चष्म्याचं मात्र उलट आहे. मुलांचा उणे नंबर बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांबट होत गेल्यामुळे वाढतो, चष्म्यामुळे नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितला तेवढा आणि सांगितला तसा चष्मा लावू द्या. गाजर कोशिंबिरीत घाला, जीवनसत्त्व अ कमी असेल तर उपयोग आहे, नंबर त्याने उतरत नाही.

खरं औषध बाहेर आहे. रोज दोनेक तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना नंबर लागण्याचं प्रमाण कमी दिसतं. घरात ट्यूबलाइटखाली काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा हजारो, त्यामुळे कडक उन्हातच उभं करायला पाहिजे असं नाही. संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर सोडा, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट, काचा फुटतील तर फुटू देत. क्लासवरून क्लासला पळवून संध्याकाळ संपवू नका, याबद्दल पालकांना माझा राग येतो तो येऊ द्या. दर सहा महिन्यांनी तपासणी करा आणि नंबर भराभर वाढत असेल तर कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारा, स्वतःहून आणू नका. घरात धाकटं बाळ असेल तर दोन वर्षांच्या आत मोबाइल नकोच, जेवू घालताना तर अजिबात नको.

प्रश्न : निफाडला द्राक्षबाग आहे. बागेत उन्हात व्हॉट्सअ‍ॅपवर भाव बघताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

उत्तर : दादा, सावलीत येऊन बघा, भाव तेवढ्यात बदलत नाही. अक्षर मोठं करा, टोपी आणि यूव्हीवाला गॉगल वापरा. फवारणी करताना डोळे झाकणारा चष्मा मात्र न चुकता लावा. आणि सावलीत येऊनही अंधारी येतच असेल तर बीपी, शुगर तपासा.

प्रश्न : वय ६६, नाशिकरोडला प्रेसमधून रिटायर झालोय. रात्री लाइट बंद करून फोनवर पेपर वाचतो, डोळे लाल होतात. मेडिकलमधून ड्रॉप आणलेत, टाकले की लाली लगेच जाते. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने कॉम्प्युटर बघताना मान दुखते.

उत्तर : काका, मानेचं सोपं आहे. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचं खालच्या भागातून दिसतं, म्हणून कॉम्प्युटर बघताना तुम्ही हनुवटी वर करून बसता. फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. रात्री वाचताना खोलीत एखादा दिवा असू द्या आणि फोनचा ब्राइटनेस खोलीच्या उजेडाएवढाच ठेवा.

काळजी वाटते ती ड्रॉपची. लाली लगेच घालवणारे काही थेंब रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आवळतात, असर गेला की डोळा आणखी लाल. काहींत स्टेरॉइड असतं, ते महिनोन्‌महिने टाकलं तर काचबिंदू होऊ शकतो आणि सुरुवातीला त्याचा काही पत्ताही लागत नाही. आजपासून बंद करा आणि याच आठवड्यात डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या. त्याआधी अचानक विजेसारखं चमकलं, काळे ठिपके वाढले, एकाचे दोन दिसले किंवा डोळा जोरात दुखायला लागला तर थांबू नका, त्याच दिवशी जा. जाताना ती बाटली खिशात घाला, तिच्यावरचं नाव वाचल्याशिवाय डॉक्टरांना नेमकं काही सांगता येणार नाही.